शेवटून पहिली आलेली माझी नणंद

लिंडाचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवून चाळणीत निथळत ठेवले होते आणि अरविंद, माझा नवरा, खिडकीशी उभा राहून अंगणातला उरलासुरला बर्फ कधी वितळेल याचा अंदाज सांगत होता. लिंडा ही माझ्या नणंदेची, शशीची, उत्तर मिनेसोटातली शेजारीण. ती सहसा फोन करत नाही. तरी मी नेहमीसारखं "हाय लिंडा, हाऊ आर द डॉग्ज?" असंच विचारलं... वाईट बातमी एखाद्या वाक्यापुरती का होईना, माणूस पुढे ढकलतो. "द डॉग्ज आर फाइन, हनी," ती म्हणाली आणि मग थांबत थांबत बाकीचं सांगितलं. सकाळी कुत्र्यांना खायला घालून शशी त्यांच्या आवारातल्या बाकावर टेकली होती. लिंडा पोचली तेव्हा ती तशीच भिंतीला पाठ लावून बसलेली होती, पण गेलेली होती. कुत्र्यांची भांडी चाटूनपुसून साफ होती. मी अरविंदला सांगितलं. त्याने पोह्यांची चाळणी उचलली, वर ताटली झाकली, फ्रिजमध्ये ठेवली आणि मग जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. शशी त्याची एकुलती एक धाकटी बहीण होती.

सासर माझं नागपूरचं, माहेर पुण्याचं. माझ्या लग्नात शशी शाळकरी होती, आणि पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, "वहिनी, तुमच्या पुण्यात पाहुण्याले पाणी तरी विचारते का?" तेव्हापासून आमचं जमलं. आम्ही अमेरिकेत आलो, काही वर्षांनी नोकरी घेऊन तीही आली. आम्ही पार्सिपनीत, ती एडिसनला अपार्टमेंटमध्ये. सॉफ्टवेअर टेस्टिंग हे तिचं काम, म्हणजे दुसऱ्याने केलेल्यात खोट काढणं, आणि हा उद्योग ती शनिवार-रविवारीही बंद ठेवत नसे. माझ्या आमटीतही तिला बग सापडायचा. लग्न तिने केलं नाही. स्थळं आणून आणून नातेवाईक दमले तेव्हा ती म्हणाली, "टेस्टिंगमध्ये कोणीच पास नाही झालं ना, मी काय करू?" सत्तेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या गावातून आलेली ही बाई एडिसनमध्ये ऑक्टोबर लागला की माकडटोपी घालायची. आमच्या घरी आली की हीटरला चिकटून बसायची आणि अरविंद तिला म्हणायचा, "अगं, जरा बाजूला सरक, आम्हालाही जगू दे." हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की तिला आधीपासूनच बर्फाची ओढ असणार. अजिबात नव्हती.

पन्नाशी आली तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिला ओढून मिनेसोटाला नेलं. तिथे पर्यटकांना कुत्र्यांच्या स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या बिनचाकी घसरगाडीवर, बसवून जंगलातून फिरवून आणतात. परत आल्यावर ती आमच्याकडे जेवायला आली आणि पहिल्यांदाच माझ्या आमटीबद्दल काही बोलली नाही. "वहिनी, आपल्याला वाटते की माणूस त्यांना पळवते. तसं नसते गं. त्यांना पळायचंच असते. आपण मागे उभं राहायचं आणि पडायचं नाही, एवढंच." मग दर हिवाळ्यात तिची सगळी सुट्टी त्या सफरी चालवणाऱ्या लिंडाकडे जाऊ लागली. लिंडा स्वतः कितीतरी वर्षं शर्यती धावलेली. तिच्याकडे शशी कुत्र्यांची घाण काढायची, भांडी घासायची, पट्टे शिवायची. आणि मग एक दिवस नोकरी सोडून, अपार्टमेंट विकून, लिंडाच्या घरापासून जंगलातून अर्ध्या तासावर एक लाकडी घर घेऊन ती तिकडेच राहायला गेली. अरविंद म्हणाला, "हे वरातीमागून घोडं आहे." फॅमिली ग्रुपवर कोणीतरी हळूच विचारलं की हिला डिप्रेशन वगैरे तर नाही ना. मला मात्र खरं सांगायचं तर तिचा हेवा वाटला. फक्त एकच अडचण होती, मी कुत्र्यांना भिते. लहानपणी सायकलच्या मागे लागलेला एक कुत्रा अजून माझ्या स्वप्नात येतो.

तिच्याकडे पहिली पिल्लं झाली तेव्हा तिने फोनवर नावं सांगितली: मेथी, पालक, चाकवत, अंबाडी आणि शेपू. ही मंडळी एका वेताच्या पिल्लांना एकाच तऱ्हेची नावं देतात, म्हणून हिने पालेभाज्या निवडल्या. आजन्म शाकाहारी बाई रोज सकाळी कुऱ्हाडीने गोठलेलं मांस फोडायची आणि ते मेथी-पालकाला खाऊ घालायची, यावर मी तिची इतकी चेष्टा केली की शेवटी तीच कंटाळली. शेपू सगळ्यांत बारकं पिल्लू. शेपूची भाजी जशी कोणाला आवडत नाही तसं तेही कोणी मागितलं नाही, म्हणून उरलं. पण हाच शेपू पुढे तिचा लीडर झाला, म्हणजे संपूर्ण संघाच्या पुढे पळणारा आणि वाट काढणारा. लीडर शिकवून होत नाही, तो निघावा लागतो, असं लिंडा म्हणते.

मी पहिल्यांदा तिकडे गेले ती ऐन डिसेंबरात. माझ्या कल्पनेत बर्फातले कुत्रे म्हणजे गुबगुबीत, निळ्या डोळ्यांचे, कॅलेंडरवरचे. हे तर आपल्या गल्लीतल्यासारखे हडकुळे, लांब पायांचे. मी घराच्या दारातूनच बघत होते. शशी एकेकाला पट्टा चढवून दोरीला जोडत होती, प्रत्येकाच्या पायात कापडी मोजे घालत होती, आणि बाकीचे सगळे उड्या मारून केकाटत होते, लग्नघरात बँडवाल्यांनी एकदम सुरुवात करावी तसा गोंगाट. मग तिने बर्फात रुतवलेला स्लेजचा नांगर उपसला आणि सगळा आवाज बंद. निव्वळ बंद. आठ कुत्री आणि मागे उभी माझी नणंद झाडांत शिरली आणि स्लेजचं बर्फावरचं घासणं तेवढं ऐकू येत राहिलं. मला रडू आलं. का ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळलंय असंही नाही.

तिच्या हिवाळ्याचा एक क्रम होता. बर्फ पडायच्या आधीच, पानगळीत, कुत्र्यांना एका चारचाकी गाडीला जुंपून कच्च्या रस्त्यावरून सावकाश ओढायला लावायचं, म्हणजे अंगात ताकद येते. बर्फ पडला की स्लेज, आधी थोडं अंतर, मग हळूहळू वाढवत न्यायचं. जितका वेळ पळवलं तितका वेळ झोपवायचं. पंजे रोज तपासायचे, बोटांच्या बेचक्यांत मलम लावायचं. आणि जेवताना प्रत्येकाकडे बघत उभं राहायचं, कारण कुत्रं काही सांगत नाही पण अन्नावरून तोंड फिरवतं. हे सगळं कशासाठी, तर जानेवारीच्या अखेरीस तिकडे तीनशे मैलांची एक शर्यत असते. काही दिवसांची, मध्ये थांबे असलेली. आपण लहानाची मोठी केलेली कुत्री घेऊन ही शर्यत एकदा पुरी करायची, एवढंच तिला हवं होतं. नंबराची हाव नव्हती. "मला शेवटची रेघ ओलांडायची आहे, बस," ती म्हणायची.

आणि तेच होईना. याचं कारण थंडी नव्हे, वय नव्हे, कुत्री तर नव्हेतच. या शर्यतीचा नियम असा की वाटेत एखादं कुत्रं थकलं किंवा लंगडलं तर थांब्यावर डॉक्टरांच्या ताब्यात द्यायचं आणि बाकीच्यांना घेऊन पुढे जायचं. सगळेच तसं करतात, त्यात काही गैर नाही, कुत्र्याचं त्यात भलंच असतं. शशीला ते जमायचं नाही. पहिल्या वर्षी अंबाडीचा खांदा दुखावला तर ही तिला सोडून पुढे जाईना, तिथेच सही करून शर्यतीतून बाहेर पडली. दुसऱ्या खेपेला चाकवतचं पोट बिघडलं, तेव्हाही तेच. बाकीची सात कुत्री पळायला आसुसलेली आणि ही त्यांना गाडीत भरून घरी. लिंडा चिडली. अरविंदने फोनवर सुनावलं, "अगं, तुला धावायचं आहे की नाही ते एकदा ठरव." तेव्हा शशी म्हणाली, "दादा, आपण सगळे लग्नाले निघालो आणि एका पोराले ताप आला, तर त्याले स्टेशनवर परक्याजवळ बसवून आपण पुढे जाऊ का?" आमच्याकडे तर एकाने जेवायला यायचं नाकारलं तरी सगळ्यांची पंगत अडते. हा आमचा घराण्याचाच आजार आहे आणि तो मिनेसोटापर्यंत पोचला होता, इतकंच.

मग तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जड उचलायचं नाही असं सांगितलं आणि पुढचं तिच्यावर सोडलं. अरविंदचं म्हणणं, हे सगळं ताबडतोब बंद. शशीचं म्हणणं, एक हिवाळा, शेवटचा, मग कुत्री लिंडाला देऊन मी तुमच्याकडे हीटरपाशी येऊन बसते. बहीण-भाऊ दोघेही हट्टी, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशातले. फोन आपटले गेले. चार दिवसांनी तिने मला वेगळा फोन केला. "वहिनी, तू ये. थांब्यावर तू उभी राहा. डॉक्टरांनी पाहिलं की घरच्या माणसाजवळ देता येते. तुझ्या हातात कुत्रं दिलं तर ते सोडणं नाही होणार, घरच्याजवळ ठेवणं होईल. तेवढं मला जमेल." मी म्हटलं, अगं मी कुत्र्यांना भिते. ती म्हणाली, "काहून भिते? ते काय तुझी आमटी खाणार आहेत का?"

तर गेल्या डिसेंबरात मी स्वेटरांची बॅग भरून निघाले. अरविंद विमानतळावर सोडायला आला पण बहिणीसाठी काही निरोप दिला नाही. फक्त तिच्या आवडीचा तिळाच्या चटणीचा डबा माझ्या हातातल्या पिशवीत ठेवला. तिकडे पोचल्यावर मला वाटलं होतं की शिकायचं आहे ते मलाच. तसं तिने शिकवलंही. कुत्र्याच्या गळपट्ट्यात बोटं कशी घालायची, त्याला दोन पायांत कसं धरायचं, पेंढ्याचं अंथरूण कसं करायचं. पहिले काही दिवस मी डोळे मिटून शेपूचा पट्टा धरायची, आणि शेपू बिचारा माझ्याकडे बघून जांभई द्यायचा. पण माझी तयारी लवकर झाली. तयार व्हायची होती ती शशी. टेस्टिंगवालीच ती, तिने रोज रंगीत तालीम लावली. संघ जोडायचा, थोडं पुढे जाऊन थांबायचं, एका कुत्र्याला सोडवून माझ्या हातात द्यायचं आणि त्याच्याशिवाय निघायचं. मेथीला दिलं, जमलं. चाकवतला दिलं, जमलं. शेपूला माझ्या हातात दिलं त्या दिवशी ती निघाली, पहिल्या वळणापाशी जाऊन थांबली आणि परत आली. शेपू ओरडलाही नव्हता. "त्याने मागे बघितलं का गं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, नाही, तूच बघितलंस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वळणाच्या पलीकडे गेली, पण परत आली तेव्हा मोज्यांच्या पिशव्या उगाचच आवरत राहिली. मी तिला जवळ घेतलं नाही, आम्ही तशा नाही. मी चहा टाकला. हळूहळू तिचं परत येणं लांबत गेलं, आणि एक दिवस शेपू आणि मी दोघेही वाट बघून बघून घरात येऊन शेगडीपाशी झोपलो, तरी ती आली नाही. संध्याकाळी आली, तोंडभर हसत, भुवयांवर बर्फ. मला इतका आनंद त्या महिन्यात दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

शर्यतीत जे व्हायचं तेच झालं. शेवटच्या थांब्यावर मी उभी होते, दुपारची वेळ, ऊन लख्ख आणि थंडी अशी की पापण्या चिकटाव्यात. शशीचा संघ आला तेव्हा पुढे शेपू होता, पण शेपटी खाली. डॉक्टरांनी त्याचा पुढचा पाय दाबून बघितला. मनगट सुजलं होतं. फार काही नाही, विश्रांती घेतली की बरा होईल, पण आता पळायचं नाही. शशी त्याच्याशेजारी पेंढ्यात बसली. बराच वेळ बसली. बाकीच्यांना खाऊ घातलं, झोपू दिलं, आणि स्वतः तिथेच बसून होती. मला वाटलं, आता ही सही मागणार आणि आम्ही सगळे घरी. मग ती उठली, मेथीला पुढे जोडलं आणि शेपूचा पट्टा माझ्या हातात दिला. "वहिनी, घट्ट धर," एवढंच म्हणाली. निघाली तेव्हा मी तिच्याकडे बघत होते, ती वळेल म्हणून. ती वळली नाही.

या शर्यतीत सगळ्यांत शेवटी येणाऱ्याला एक लाल कंदील देतात. शेवटचा माणूस सुखरूप पोचेपर्यंत दिवा तेवत ठेवायचा, ही तिकडची जुनी रीत. तो कंदील शशीला मिळाला. शेवटच्या रेघेशी मोजकीच माणसं उरली होती. लिंडा होती, मी आणि लंगडत उभा असलेला शेपू होतो, आणि अरविंद होता. तो आदल्या दिवशी कोणाला न सांगता विमानात बसला होता आणि आता उसनं घेतलेलं भलंमोठं जाकीट घालून थर्मासमधला चहा धरून उभा होता. शशी रेघ ओलांडून आली, नांगर टाकला, आधी सातही कुत्र्यांचे चेहरे कुरवाळले, मग शेपूचा, आणि मग भावाकडे बघितलं. तो म्हणाला, "शेवटून पहिली आलीस, शहाणे." ती म्हणाली, "आली तर!" आणि दोघेही लहान मुलांसारखे रडले. मी फोटो काढायचा म्हणून मोबाइल काढला तर थंडीने तो बंद पडला होता. बरंच झालं.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी लिंडाचा तो फोन आला. आम्ही तिकडे गेलो, सगळं आवरलं. तिच्या इच्छेप्रमाणे थोडी राख त्या जंगलातल्या वाटेवर विखुरली, बाकीची आम्ही उन्हाळ्यात नागपूरला नेणार आहोत. लिंडाने मेथीसह बहुतेक कुत्री ठेवून घेतली, दोघं तिच्या ओळखीच्या चांगल्या घरी गेली. डॉक्टर म्हणाले होते तरी शेपूचा पाय पुरता बरा झाला नव्हता, शर्यतीच्या कामाचा राहिलेला नव्हता. त्याचं काय करायचं असं लिंडाने विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत अरविंद म्हणाला, "ही कॅन कम होम विथ अस." आणि मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून, "तुला चालेल ना?" इतकी वर्षं माझ्या कुत्र्यांच्या भीतीवर विनोद करणारा हा माणूस!

तर आता शेपू पार्सिपनीत असतो. सोफ्यावर चढायचं नाही असा नियम केला होता, तो पहिल्या आठवड्यात मोडला. सकाळी मी त्याला फिरायला नेते. फिरायला नेते म्हणजे तो मला ओढत नेतो, दोरी ताणलेली असली की त्याला बरं वाटतं. शेजारच्या मालतीकाकू म्हणतात, "अगं, याला जरा ट्रेन कर की." मी त्यांना काय सांगणार! आमच्या गल्लीच्या टोकाला जिथे दोन रस्ते फुटतात तिथे मात्र तो आपणहून थांबतो. शशी कुत्र्यांशी मराठीतच बोलायची, डावं-उजवंसुद्धा नागपुरी हेल काढून सांगायची, आणि वाट फुटली की लीडरने थांबून मागून येणारा आवाज ऐकायचा असतो. शेपू मान वळवत नाही. तोंड समोर ठेवून फक्त एक कान मागे करतो. तो कान माझ्याकडे नसतो, मी तर त्याच्या बाजूलाच उभी असते. तो पार मागे, स्लेजच्या टोकाशी जिथे माणूस उभा असतो तिथे लागलेला असतो. मला उजवं म्हणता येतं, तो ऐकतोही, गुणी आहे. पण मी लगेच म्हणत नाही. दोरी धरून जरा वेळ त्याच्याबरोबर मीही ऐकत थांबते.